आपल्या रक्तातल्या नवलाच्या गोष्टी

जुलैतल्या एका रविवारी पाऊस इतका होता की विहारातल्या बालवर्गाला जेमतेम वीसेक मुले आली. नेहमीचा पाठ बाजूला ठेवून आम्ही प्रश्नमंजूषा घेतली. विषय ठेवला रक्त. निळे रक्त कोणत्या प्राण्याचे? कोणी झुरळ म्हणाले, कोणी साप. उत्तर होते ऑक्टोपस. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह करते, ऑक्टोपसच्या रक्तात तेच काम तांबे करते, म्हणून ते निळे. अंटार्क्टिकाच्या गोठू घातलेल्या समुद्रात तर असे मासे आहेत की त्यांच्या रक्तात लाल द्रव्यच नाही. ते रक्त पाण्यासारखे दिसते. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असतो, तेवढ्यावर त्यांचे भागते. आणि मुंबईचे नाव लागलेला रक्तगट कोणता? ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. तो १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. या गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही, त्याच गटाचे लागते. सख्ख्या भावाचे जुळणार नाही आणि कुठल्या परक्या गावच्या, परक्या जातीच्या माणसाचे जुळेल, अशी ती गोष्ट आहे.

मुले खूश होती. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. “ताई, सिकलवाल्यांच्या रक्ताचा रंग कोणता असते?”

मागच्या रांगेतली दोन मुले हसली. तिच्या थोरल्या भावाला सिकलसेल आहे हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ‘त्याचं रक्त खराब आहे’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. आम्ही सांगितले, रंग लालच असतो, तुझ्या-माझ्यासारखा. पण घरी जाताना आम्हालाच वाटत राहिले की एवढ्या उत्तराने तिचे समाधान झाले नसणार. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्या प्रश्नासाठी.

आधी निरोगी लाल पेशीचे नवल पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. मोहरीच्या लहानशा दाण्याएवढ्या रक्ताच्या थेंबात ४० ते ५० लाख लाल पेशी असतात. आपले शरीर दर सेकंदाला २० लाखांच्या वर नव्या लाल पेशी तयार करते. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या हाडांच्या मगजात कोटीभर झाल्या असतील. बेडकाच्या, चिमणीच्या लाल पेशीत मधोमध केंद्रक असते. माणसाची लाल पेशी मात्र रक्तात उतरण्याआधी आपले केंद्रक टाकून देते, जणू जास्त माल भरता यावा म्हणून गाडीवानाने गाडीतली बैठकच काढून टाकावी. तिचा आकार दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चकतीसारखा. अंगातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या काही ठिकाणी या पेशीहूनही अरुंद असतात, तरी ती दुमडून, वाकून पलीकडे निघते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. असे सुमारे १२० दिवस ती फिरत राहते.

तिच्यात भरलेला माल म्हणजे हिमोग्लोबिन. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू. एवढे मोठे आकडे ऐकून डोके गरगरते हे खरे, पण पुढची गोष्ट आकड्यांहून मोठी आहे. हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार माळांचा बनलेला असतो आणि चारही माळांत मिळून ५७४ मणी असतात. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये या ५७४ पैकी फक्त २ मणी वेगळे असतात. चारपैकी ज्या दोन माळा बीटा नावाच्या आहेत, त्यांच्यातला प्रत्येकी सहावा मणी. तिथे ग्लुटामिक आम्ल हवे, त्याऐवजी व्हॅलिन बसलेले असते. बाकीचे ५७२ मणी अगदी तुमच्या-आमच्यासारखे.

ग्लुटामिक आम्लाचे पाण्याशी सख्य असते, व्हॅलिनचे नसते. पेशीने प्राणवायू पोहोचवून दिला की हे व्हॅलिन पाण्यापासून दूर राहण्यासाठी शेजारच्या रेणूतल्या एका खाचेत जाऊन बसते. तो रेणू तिसऱ्याला चिकटतो, तिसरा चौथ्याला. पाहता पाहता पेशीत ताठ दोऱ्या तयार होतात आणि गोल चकती विळ्यासारखी वाकडी होते. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की दोऱ्या सुटतात, पेशी पुन्हा गोल होते. पण असे वारंवार झाले की ती कायमची वाकडी राहते. अशी कडक, चिकट पेशी बारीक नळीत अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. त्यातून हाडांत, पाठीत, छातीत, पोटात उठणाऱ्या कळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना मात्र सांगायला हवे, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. ना जखम, ना सूज. म्हणून शाळेत ‘नाटक करतो’ आणि घरात ‘कामचुकार आहे’ असे ऐकून घ्यावे लागते.

या पेशी १२० दिवस टिकत नाहीत. १० ते २० दिवसांतच फुटतात. त्यामुळे अंगात रक्त कमी राहते आणि फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. आपल्याकडे पिवळे डोळे दिसले की आधी कावीळ उतरवून घ्यायला नेतात. त्यात दिवस जातात, पैसे जातात आणि पोर तसेच राहते.

वैद्यकाच्या पुस्तकात या पेशी पहिल्यांदा आल्या त्या १९१० साली. अमेरिकेत शिकागोला डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्ताचे वर्णन छापले. तो तरुण कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यकी शिकायला आला होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचे नाव. आजाराने वारंवार अंथरुणाला खिळूनही त्याने शिक्षण पुरे केले, मायदेशी जाऊन दवाखाना थाटला आणि १९१६ साली वयाच्या ३२व्या वर्षी न्यूमोनियाने तो गेला. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीच्या आत, हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते हे जगाला तेव्हा प्रथमच कळले. त्यांनी वापरलेली पद्धत इलेक्ट्रोफोरेसिस. आज आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या रिपोर्टावर हाच शब्द लिहिलेला असतो. नेमका फरक हिमोग्लोबिनच्या कोणत्या तुकड्यात आहे हे केंब्रिजच्या व्हर्नन इनग्रॅम यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी तो मणीही ओळखला. ऑक्टोबर १९५६ म्हटल्यावर आपल्या वाचकांना नागपूरच आठवणार. एकाच महिन्यातल्या दोन घटना, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी आम्हाला ही तारीख कळल्यापासून विसरता येत नाही.

कारण दोनच वर्षांनी, १९५८ साली, नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. त्याआधी १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत तो आढळला होता. पुढच्या पाहण्यांतून चित्र स्पष्ट होत गेले. गडचिरोली-चंद्रपूरकडचे गोंड, माडिया, परधान, नंदुरबारकडचे भिल्ल, पावरा आणि विदर्भातले पूर्वाश्रमीचे महार, म्हणजे आजचे आपण बौद्ध, या समाजांत सिकलसेलचे जनुक जास्त सापडते. इतर समाजांतही ते आहे, प्रमाण कमी. देशभरातल्या काही समूहांत शंभरात एखादा-दुसराच वाहक मिळतो, तर काहींत तीसहून अधिक.

आता इथे प्रश्न येतो, आणि तो आम्हाला एका आजींनी अगदी थेट विचारला होता. “आमच्याच वाट्याला काऊन? काय पाप केलं होतं?”

पाप नव्हे, डास. केनियात वाढलेले डॉ. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली मांडले की जिथे मलेरियाचा जोर, तिथेच सिकलसेलचे जनुक जास्त. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या माणसाला वाहक म्हणतात. अशा वाहकाला मलेरिया जिवावर बेतण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ९० टक्के कमी असते. मलेरियाचा जंतू लाल पेशीत घर करतो आणि वाहकाच्या पेशीत त्याला नीट बस्तान बसवता येत नाही. जंगलाच्या कडेला, पाणथळीत, उघड्यावर राबणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या पिढ्या ज्या साथींतून वाचल्या, त्या वाचण्यात या जनुकाचाही वाटा आहे. ज्याला लोक ‘खराब रक्त’ म्हणतात ते कधीकाळी ढालीचे काम करत होते. हे फक्त आपल्याकडेच नाही. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, जिथे मलेरिया होता तिथे ते आहे. ग्रीसचे गोरे लोकही त्यातून सुटले नाहीत. पण एक गैरसमज होऊ देऊ नका. ढाल असते ती वाहकाला. दोन्हीकडून जनुक मिळालेल्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा अधिक घातक ठरतो. त्याच्या घरात मच्छरदाणी पहिली त्याच्या अंथरुणावर हवी.

मलेरियाने जनुक वाढवले, पण ते ठरावीक समूहांतच का साठून राहिले, याचे उत्तर डासाकडे नाही. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे असे मांडले होते. तेव्हा जनुक तपासण्याचे तंत्र जगात कुठेच नव्हते. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास केला. इथले सगळे समूह एकेकाळी आपसात भरपूर मिसळले आणि सुमारे १९०० वर्षांपूर्वीपासून हे मिसळणे थांबत गेले, असे त्यांना दिसले. लग्ने एकाच वर्तुळात होऊ लागली की त्या वर्तुळात असलेले जनुक नवरा आणि बायको दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. हे सगळ्याच जातींना लागू आहे, फक्त प्रत्येक वर्तुळात साठलेले जनुक वेगवेगळे.

छापा की काटा

बालवर्गाच्या पुढच्या रविवारी आम्ही मुलांना रुपयाची नाणी दिली. प्रत्येक माणसाकडे हिमोग्लोबिनच्या बीटा माळेची दोन जनुके असतात, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. नेहमीच्या जनुकाला ‘ए’ म्हणू, सिकलच्या जनुकाला ‘एस’. दोन्ही ए असतील तर निरोगी, म्हणजे एए. एक ए, एक एस असेल तर वाहक, म्हणजे एएस. दोन्ही एस असतील तर रुग्ण, म्हणजे एसएस. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेती करतो, नोकरी करतो, खेळतो, म्हातारा होतो. आपण वाहक आहोत हे बहुतेकांना कधी कळतही नाही.

दोन मुलांना आई-बाप केले, दोघेही वाहक. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोघांनी एकदम नाणे उडवायचे, एक उडवणे म्हणजे एक मूल. दोन काटे आले तर मूल रुग्ण. हिशेबाने चारात एकदा असे व्हावे. एका जोडीला पहिल्या दोन्ही वेळा दोन काटे आले. दुसऱ्या जोडीला लागोपाठ नऊ वेळा एकदाही आले नाहीत. मुलांना वाटले, आपले नाणे बिघडले आहे.

ते बिघडलेले नव्हते, आणि हीच गोष्ट मोठ्यांना समजत नाही. डॉक्टरांनी ‘चारात एक’ सांगितले की लोक म्हणतात, पहिले पोर आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील. तसे होत नाही. नाण्याला आधी काय पडले ते आठवत नाही. दर गरोदरपणात चारात एक रुग्ण, चारात दोन वाहक, चारात एक निरोगी, हाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून लागतो. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर एकही मूल रुग्ण होणार नाही, निम्म्या शक्यतेने वाहक होईल. रुग्ण आणि निरोगी यांचे लग्न झाले तर सगळी मुले वाहक होतील, रुग्ण एकही नाही. रुग्ण आणि वाहक असतील तर प्रत्येक मूल रुग्ण होण्याची शक्यता निम्मी.

नाणी दोघांची असतात. मूल रुग्ण असेल तर एक एस बापाकडून आलेलाच असतो, त्यावाचून ते रुग्ण होऊच शकत नाही. तरीही पोर आजारी निघाल्यावर ‘हिच्या माहेरचा रोग’ म्हणून सुनेला माघारी पाठवल्याची उदाहरणे आमच्या माहितीत एकाहून अधिक आहेत. त्यातल्या एका घरात तपासणीसाठी नवऱ्याने शेवटपर्यंत बोटाला सुई टोचू दिली नाही.

कपाळावर काय लिहायचे

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नवलाचीही आहे आणि सावध करणारीही. हाच आजार रेणूत दाखवणारे लायनस पॉलिंग, ज्यांना १९५४चे रसायनशास्त्राचे आणि १९६२चे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली, त्यांनी १९६८ साली लिहिले की सिकलच्या वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू आजार थांबवण्याचा होता. पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्या आपल्याला या सूचनेचा अर्थ समजायला वेळ लागत नाही. पॉलिंग मोठे शास्त्रज्ञ होते, इथे चुकले.

गोंदवणे कधी झाले नाही, पण अमेरिकेतल्या काही राज्यांनी सत्तरच्या दशकात काळ्या मुलांना ही तपासणी सक्तीची केली. निकाल गुप्त राहिले नाहीत. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. त्याच काळात ब्लॅक पँथर पक्षाने दुसरी वाट धरली. १९७१ पासून त्यांचे कार्यकर्ते स्वतःच्या वस्त्यांत, स्वतःच्या दवाखान्यांत लोकांची सिकलसेल तपासणी फुकट करू लागले. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती ज्यांचे नाव घेऊन, तेच हे पँथर. त्यांच्या बंदुका सगळ्यांना आठवतात, बोटाला टोचणाऱ्या सुया फार थोड्यांना. तेच रक्त, तीच तपासणी. ती कोण करतो आणि निकाल कोणाच्या हातात राहतो, यावर सारे अवलंबून होते.

ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावात वाहक खूप होते. तिथे संशोधकांनी घरोघर तपासणी केली, समजावून सांगितले. काही वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिले तर वाहक म्हणजे डाग लागलेला माणूस, असे गावाने ठरवून टाकले होते. त्यामुळे लग्न जुळवताना काही घरांनी निकाल लपवला आणि दोन वाहकांची लग्ने तपासणी केलीच नसती तरी जेवढी झाली असती तेवढीच झाली. आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यांत बायोडाटावर सिकलसेलचा रकाना असावा अशी सूचना अधूनमधून येते. आमचे मत असे की रकाना सगळ्या मेळाव्यासमोर वाचून दाखवायचा नसावा. दोन घरांचे बोलणे पुढे गेले की मुला-मुलीने एकमेकांचे रिपोर्ट पाहावेत, आणि ‘वाहक’ या शब्दावर बोलणे मोडू नये. समोरचा एए असेल तर मोडण्याचे कारणच नाही. दोघेही वाहक असतील आणि तरी लग्न करायचे असेल तर तेही त्यांच्याच हाती आहे. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. मोठ्या रुग्णालयात त्याविषयी आधीच विचारून ठेवावे.

घरात रुग्ण असेल तर

सिकलसेलचे बाळ जन्मतः अगदी ठणठणीत दिसते. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, त्यात ती बीटा माळच नसते, त्यामुळे बिघाडही नसतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी हे १९४८ साली ओळखले. सहा महिन्यांच्या आसपास ते संपत जाते, मग हातापायांच्या पंजांवर सूज, रडणे, ताप सुरू होतो. आई-बाप वाहक असतील तर लक्षणांची वाट न पाहता बाळाची तपासणी करून घ्यावी. लहान वयात पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस मिळाली तर पुष्कळ मुले वाचतात.

रुग्णाने दिवसभर भरपूर पाणी प्यावे. आपल्याकडच्या मे महिन्यात तर तहान लागण्याची वाट पाहू नये. अंगातले पाणी कमी झाले की पेशी लवकर वाकड्या होतात. शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची परवानगी, या दोन्ही गोष्टी शिक्षकांना सांगून ठेवाव्यात. थंडीत एकदम गार पाण्याने अंघोळ नको.

ताप १०१ अंशांच्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलताना जीभ अडखळली, तर सकाळची वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगले आणि ते पांढरे पडले तर तसेच. ती पांथरी असते, तिच्यात रक्त साठते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो.

आणखी एक चूक आपल्या घरोघरी होते. रक्त कमी आहे म्हटले की लोहाच्या गोळ्या सुरू. सिकलच्या रुग्णाचे रक्त लोह कमी म्हणून घटलेले नसते, पेशी फुटतात म्हणून घटते. त्या पेशींतले लोह अंगातच राहते, आणि वरून रक्त चढवले असेल तर ते आणखी साठते. म्हणून लोहाची तपासणी करून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी, ती बहुतेकांना देतात. वाहकाला मात्र इतरांसारखीच लोहाची कमतरता होऊ शकते, त्याने गोळी टाळण्याचे कारण नाही.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळा येण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. त्याने अंगात तेच गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. ते मुळात कॅन्सरवर वापरले जाणारे औषध असल्याने नाव ऐकून लोक घाबरतात. ठरल्या वेळी रक्त तपासत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे, आणि मूल हवे असेल तर आधी त्यांना सांगावे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकात बदल करणाऱ्या एका उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मगजातल्या पेशी बाहेर काढून, जे जनुक गर्भातले हिमोग्लोबिन बंद पाडते त्याला कात्री लावून त्या परत सोडतात. वॉटसनबाईंनी १९४८ मध्ये बाळांच्या रक्तात जे पाहिले, तेच औषध होऊन आले. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे, म्हणून तूर्त आपण पाण्याच्या बाटलीकडे आणि हायड्रॉक्सियुरियाकडेच लक्ष द्यावे.

कायद्याचेही एक सांगायचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाने प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, शिक्षणात आणि परीक्षेत त्याचा उपयोग होतो.

तपासणी अवघड नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी करतात. ती सोल्युबिलिटीची असेल तर तिच्यातून एवढेच कळते की एस आहे. वाहक की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावीच लागते. पुष्कळांचे काम पहिल्या चाचणीपाशीच थांबते, म्हणून स्वतः विचारावे. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही आधी सांगावे, नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताचा निकाल तुमच्या नावावर येईल. रक्तगट माहीत असणे म्हणजे सिकलची तपासणी झालेली असणे नव्हे, आणि नुसते हिमोग्लोबिन मोजूनही ते कळत नाही. हा रिपोर्ट जन्मभर बदलत नाही, एकदा करून जपून ठेवला की झाले.

तो प्रश्न विचारणारी मुलगी नाणी उडवण्याच्या खेळानंतर दोन आठवड्यांनी आईला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. जाताना मागच्या रांगेत हसलेल्या दोघांपैकी एकालाही सोबत नेले. तिघांच्या बोटातून रक्त घेतले. निकाल आले आहेत, आणि ते ज्यांचे त्यांच्यापाशी आहेत.